बाई शेवटी उतरतात

आमच्या बाईंना डेपोत सगळे फौजदार म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, तेवढी कुणाची छाती नाही. बाई कंडक्टर आणि मी ड्रायव्हर. एकोणीस वर्षं आम्ही एकाच मार्गावर गाडी काढली. त्या मागच्या दारापाशी, मी पुढं चाकावर, आणि मधल्या पन्नास डोक्यांवरून जाणारी घंटेची दोरी. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. दिवसातून दोनशे वेळा बाई मला हुकूम सोडायच्या आणि मी मुकाट पाळायचो. माझी बायको म्हणते, घरात याच्या निम्मं ऐकलं असतंत तर सोनं झालं असतं.

बाईंचा नवरा आमच्याच डेपोत मेकॅनिक होता. तो अचानक गेला, तेव्हा बाई अठ्ठावीस वर्षांच्या आणि कडेवर वर्षाची पोर. त्याच्या जागी त्यांना नोकरी मिळाली. पहिल्याच आठवड्यात एक दांडगा गडी तिकीट काढेना. आम्ही सगळे वाट बघत होतो, आता रडेल, मग रडेल. बाईंनी एक टोला दिला, गाडी थांबवली आणि शांतपणे सीटवर बसून पाण्याची बाटली उघडली. "तुमचं ठरलं की सांगा," म्हणाल्या, "मला काही घाई नाही." पाच मिनिटांत बाकीच्या प्रवाशांनीच त्या गड्याला असं काही फैलावर घेतलं की त्यानं तिकीट काढलं, आणि वर माफीही मागितली.

आणि दुसरी एक सवय. शेवटच्या थांब्यावर बाई कधीच आधी उतरायच्या नाहीत. सगळी माणसं खाली गेली की पुढून मागं, एकेका सीटखाली वाकून बघायच्या. चष्मे, डबे, चपला. एकदा दातांची कवळी सापडली. ती रुमालात गुंडाळून दोन दिवस गावोगाव विचारत फिरल्या आणि ज्याची त्याच्या हातात दिली तेव्हाच जेवल्या. "गाडी रिकामी झाली का हे बघणं माझं काम," म्हणायच्या. "ती धुवायची का पेटवायची ते तुमचं."

तर चार महिन्यांपूर्वी, संध्याकाळी, सहाव्या फेरीला ते झालं. बदलीचा माणूस आला नव्हता म्हणून आम्ही दोघंही जास्तीची पाळी करत होतो. एका थांब्यावर एक म्हातारबाबा पायरीवर एक पाय ठेवून परत वळले, खाली राहिलेली पिशवी घ्यायला. बाईंचं लक्ष दाराकडं हवं होतं. ते होतं सुट्या पैशांकडं. आधी दार बघायचं आणि मग दोरी ओढायची, हा नियम. बाईंनी दोरी ओढली आणि मग दार बघितलं. मी दोन टोले ऐकले आणि गाडी हलवली. बाबा पडले, मनगट मोडलं.

चौकशीत मी लिहून दिलं, 'घंटा मिळण्याआधीच मी गाडी हलवली.' बाईंना न विचारता. मला निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, त्यांना अकरा. माझी पोरं आपापल्या पायावर उभी. त्यांच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि मुलीचं शिक्षण अर्ध्यावर. नोकरी जायचीच असेल तर माझी जाऊ दे, एवढा साधा हिशेब मी केला. चुकला असेल, पण केला.

आमच्या क्लार्कच्या पोटात काही राहत असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. दुसऱ्या दिवशी बाई माझ्या जबाबाची नक्कल घेऊन कँटीनमध्ये माझ्यापुढं उभ्या.

"हे काय लिहिलंत?"

"जे झालं ते."

"दादा, माझ्याकडं बघून सांगा."

मी चहाच्या ग्लासाकडं बघत बसलो.

"एकोणीस वर्षांत घंटा नसताना तुम्ही गाडी बोटभर तरी हलवलीत का? आणि आता तुमच्या नावावर हे कायमचं लागणार? मी उद्यापासून कुठल्या तोंडानं दोरीला हात लावू?"

"बाई, घरचं बघा जरा."

"घरचं मी बघते. तुम्ही खोटं बोलायचं बघू नका!" सगळं कँटीन ऐकत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस चांगुलपणा करायला जातो आणि वर चारचौघांत बोलणी खातो.

बाईंनी वर अर्ज केला की मला साक्ष द्यायची आहे. उत्तर माझ्या नावानं आलं. राजधानीएवढ्या त्या अवाढव्य शहरात, मुख्य कार्यालयात, चौथ्या मजल्यावर, दुपारी दोन वाजता सुनावणी. खाली एक ओळ होती: साक्षीदार वेळेवर हजर न राहिल्यास हाती असलेल्या जबाबावरून निर्णय होईल. ती ओळ मी तीनदा वाचली. म्हणजे बाई दोन वाजेपर्यंत तिथं पोचल्या नाहीत की झालं. मी पत्राची घडी करून खिशात ठेवली आणि बाईंना फक्त वार आणि वेळ सांगितली, पत्ता सांगितला नाही.

ठरलं होतं सातच्या गाडीनं जायचं. मी गुपचूप सहाची गाठली. चढलो तर तिसऱ्या सीटवर बाई बसलेल्या, मांडीवर पिशवी. "या दादा, तुमची जागा धरलीय." बसलो. माझा मोबाईल नेहमीसारखा त्यांच्या पिशवीत टाकला. चाकावर असताना मोबाईल जवळ ठेवायचा नसतो, म्हणून इतकी वर्षं तो त्यांच्याकडंच असतो. आज मी चाकावर नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही.

त्या शहरात मी पूर्वी दोनदा गेलो होतो, बाई पहिल्यांदाच. अकराला उतरलो. बाहेर पडलो तर गाड्यांचा नुसता पूर आणि माणसं अशी पळत होती की सगळ्यांच्या घरी आग लागली असावी. बाई क्षणभर थांबल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला."

शहराची बस आली. दारं आपोआप उघडणारी, आत कंडक्टर नाही, एक यंत्र कार्ड चाटून टुणटुण वाजतंय. बाईंनी नाक मुरडलं.

"कंडक्टर नाही? मग दाराकडं बघतं कोण?"

"ड्रायव्हर. आरशातून."

"आणि रस्त्याकडं?" असं म्हणून त्या सवयीनं पार मागच्या सीटवर जाऊन बसल्या. मी पुढच्या दारापाशी उभा राहिलो. माझा बेत तिथंच शिजला. पंधरा-वीस थांब्यांनंतर मोठा चौक आला. निम्मी बस तिथं रिकामी होते, हे मी बरोबर हेरलं होतं. मी बाईंना खूण केली, इथं उतरायचं, आणि पहिल्याच लोंढ्याबरोबर खाली उतरलो. मला पक्कं ठाऊक होतं, बाई आधी उतरणार नाहीत. सगळ्यांना जाऊ देतील.

मागं वळून बघितलं. बाई चौथ्या सीटखाली वाकलेल्या. वर आल्या तेव्हा हातात कुणाचीतरी काळी छत्री होती. त्यांनी ती उंच धरून "कुणाची?" असं विचारलं आणि तेवढ्यात दारं मिटली. बस निघाली आणि सरळ उड्डाणपुलावर चढली. तो पूल नदीपलीकडं उतरतो, मध्ये एकही थांबा नाही.

फौजदाराच्या हातावर तुरी देणारा आमच्या डेपोतला मी पहिला माणूस. दोन मिनिटं छाती फुगली. मग रस्ता ओलांडायचा होता, आणि तिथं माझी जिरली. तीस वर्षं मी रस्त्यावर काढली, पण चाकामागं. पायी चालणाऱ्यासाठी तो रस्ता किती रुंद असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं! तीनदा मध्यापर्यंत जाऊन परत आलो. शेवटी एका पोरसवदा मुलीनं, "आजोबा, माझ्याबरोबर चला," म्हणत दंडाला धरून पलीकडं नेलं. आजोबा! आणि पलीकडं पोचल्यावर खिसे चाचपले तेव्हा कळलं, मोबाईल बाईंकडं. आता त्या कुठं आहेत हे मला कळायचा मार्ग नव्हता.

विचारत विचारत एक वाजता कार्यालयात पोचलो. चौथ्या मजल्यावर लांब बोळ, दोन्ही बाजूंना पत्र्याची कपाटं, त्यांच्यावर छतापर्यंत दोऱ्यांनी बांधलेले गठ्ठे, आणि एक बाक. मी बाकावर बसलो. समोर घड्याळ. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं ते मी पाठ करून आलो होतो, पण त्यातलं एक वाक्य आठवेना. डोळ्यांपुढं एकच, बाई कुठं असतील? परक्या शहरात एकट्या बाईमाणसाला मी सोडून आलो होतो. मला माझीच लाज वाटायला लागली.

बाई कुठं होत्या, ते त्यांनी परतीच्या गाडीत मला एकेक थांबा मोजून ऐकवलं. वर शिव्याही दिल्या, त्या मी गाळतो.

बस पुलावर चढली तेव्हा त्या धावत पुढं आल्या. ड्रायव्हरला हाक मारणार, तोच समोर पाटी दिसली: गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. एकोणीस वर्षं ह्याच वाक्यावरून त्यांनी प्रवाशांना झापलंय. तोंड उघडेना. ओठ घट्ट मिटून, अख्खी नदी ओलांडेपर्यंत त्या पाटीखाली उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनंच विचारलं, "मावशी, काही हवंय का?" तर म्हणाल्या, "तुम्ही पुढं बघा!"

पलीकडं उतरून त्यांनी डेपोत फोन लावला. आमच्या क्लार्कला जगातल्या सगळ्या बातम्या माहीत, पण मुख्य कार्यालयाचा पत्ता माहीत नाही. "पत्रावर असेल बघा," म्हणाला. मग बाईंनी मोबाईलवर नकाशा काढला. निळी रेघ दिसली. त्या रेघेवरून भर उन्हात पाऊण तास चालून त्या एका मोठ्या फाटकापाशी पोचल्या. फाटकाला कुलूप, आत खुर्चीवर एक पहारेकरी.

"मुख्य कार्यालय हेच ना?"

"होतं. दीड वर्षापूर्वी गेलं. आता इथं मी आणि ती मांजर."

"कुठं गेलं?"

"मला नेलं असतं तर सांगितलं असतं."

सव्वा वाजला होता. दुसरं कुणी तिथंच फतकल मारून बसलं असतं. बाईंनी चेहरा पदरानं पुसला आणि इकडंतिकडं बघितलं. कोपऱ्यापलीकडं बसगाड्या वळत होत्या, म्हणजे जवळच कुठंतरी बसचं शेवटचं ठाणं असणार. जिथं गाड्या वळतात तिथं ड्रायव्हरांची विश्रांतीची खोली असते, आणि कुणाला विचारायचं हे बाईंना नेमकं माहीत होतं. खोलीत आठ-दहा जण डबे उघडून बसलेले. बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ह्या वर्षात कुणाला मेमो मिळालाय?"

घास हातात तसेच. ही कोण नवी साहेबीण आली म्हणून सगळ्यांची पाचावर धारण बसली.

"अहो, मलाही मिळायचाय," बाई म्हणाल्या. "सुनावणीला जायचंय. दोन वाजता. कार्यालय कुठं आहे?"

मग काय, चार हात वर झाले! सुनावणीला जाऊन आलेल्या माणसाला तो रस्ता जन्मात विसरता येत नाही. एक जण म्हणाला बस धरा, दुसरा म्हणाला बसनं अडीच वाजतील, दोन ठिकाणी बदलावी लागते. एका पिकल्या मिश्यांच्या ड्रायव्हरनं डब्याच्या झाकणावर बोटानं नकाशा काढला. मागच्या गल्लीतून नदीवरचा लोखंडी पादचारी पूल, पूल उतरला की उजवीकडं टायरांचा बाजार, तो संपला की पिवळी इमारत. "पाय उचललेत तर पंचवीस मिनिटं. आणि लिफ्टची वाट बघू नका, ती कुणाचीच येत नाही."

आणि ह्या घाईत बाईंनी काय केलं असेल? ठाण्याच्या कंट्रोलरकडं गेल्या आणि सापडलेली छत्री जमा केली. ठीक आहे, केली. पण पावती मागितली! कंट्रोलर म्हणाला, ठेवा हो, बघतो. "पावती द्या. बसचा नंबर लिहा. सीट चौथी, डावीकडची." पाच मिनिटं. माझ्या नोकरीची पाच मिनिटं! हे ऐकून परतीच्या गाडीत मी कपाळावर हात मारला. तर म्हणाल्या, "मी तिथं खरं सांगायला निघाले होते. काखेत दुसऱ्याची छत्री घेऊन?"

मग मात्र त्या पळाल्या. गल्लीतल्या हातगाड्या, पुलाच्या पायऱ्या, टायरांचे ढीग, मध्ये एकदा चपलेचा अंगठा तुटला तर चपला हातात घेतल्या.

दोनला दोन मिनिटं कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. मी उठून उभा राहिलो. बाई आल्या. चेहरा लालबुंद, केस सुटलेले, हातात चपला. खरं सांगतो, आधी जीव भांड्यात पडला आणि मग आठवलं की आपला बेत बुडाला. त्या बाकावर बसल्या आणि दम खात राहिल्या. मला राहवेना.

"बाई, मी मुद्दाम उतरलो."

"माहीत आहे. तुम्ही मागं वळून बघितलंत. गर्दीत चुकलेला माणूस हाका मारतो, नुसता बघत उभा राहत नाही."

"मग चिडा की!"

"चिडलेलीच आहे. आधी काम."

आत बोलावलं. टेबलामागं एक अधिकारी मॅडम, चष्मा कपाळावर, समोर माझ्या नोकरीची जाडजूड फाईल. बाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "दोन टोले मी दिले. दार न बघता दिले. यांची चूक नाही."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "तुमचा जबाब उलटा आहे."

"माझा जबाब खरा आहे," मी म्हणालो. मीही काही कमी हट्टी नाही.

"मॅडम," बाई म्हणाल्या, "सात वर्षांपूर्वीचा मेमो असेल बघा त्यात. उशिराचा."

मॅडम पानं उलटत राहिल्या. सापडला. मला तर त्याचा विसरच पडला होता. एका थांब्यावर बाई खाली उतरल्या होत्या, एक म्हातारी प्रवासी आली नव्हती तिला शोधायला. कंट्रोलर स्वतः माझ्या खिडकीशी येऊन ओरडला होता, गाडी काढा. मी काढली नव्हती. बावीस मिनिटं उशीर. खाली माझ्याच अक्षरात खुलासा: 'घंटा मिळाली नाही म्हणून गाडी हलवली नाही.' मॅडमनी तो मोठ्यानं वाचला.

"कंट्रोलर सांगत असताना बावीस मिनिटं न हलणारा माणूस," त्या म्हणाल्या, "त्या संध्याकाळी घंटेशिवाय कसा हलला?"



मॅडम बाईंकडं वळल्या. "हे खरं ठरलं तर तुम्हाला गाडीवरून उतरवावं लागेल. निदान वर्षभर तिकिटाच्या खिडकीवर बसावं लागेल. पुन्हा गाडी मिळेलच असं मी आत्ता सांगू शकत नाही. कळतंय ना?"

"कळतंय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तेवढा एकदाच हलला.

मॅडमनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "नवा जबाब. जे घडलं तेच."

मी पेन हातात घेतलं आणि हात चालेना. तीस वर्षं घाटात गाडी चालवलेला हात. ज्या माणसाच्या भरवशावर मी मागं न बघता एकोणीस वर्षं गाडी हाकली, त्याच माणसाविरुद्ध मला लिहायचं होतं. डोळ्यांत पाणी आलं, लपवणार कुठं? मी बाईंकडं बघितलं. वाटलं, अजूनही नको म्हणाल्या तर पेन खाली ठेवीन आणि मग कुणी काय करायचं ते करो.

"लिहा दादा," त्या म्हणाल्या. "मॅडमना दुसरी कामं असतील."

मी लिहिलं. संध्याकाळी पाच दहाला कंडक्टरनं दार न बघता दोन टोले दिले. ते ऐकून मी गाडी हलवली. चूक कंडक्टरची.

मॅडमनी कागद बाईंना वाचायला दिला. त्यांनी बोट फिरवत एकेक ओळ वाचली, परत वरच्या ओळीवर गेल्या आणि कागद माझ्यापुढं ठेवला.

"पाच दहा नाही, पाच बारा," म्हणाल्या. मी खोडून नीट केलं. मग त्यांनी खाली सही केली.